उशिरा आलेलं पाकीट

एरवी बिलांनी जड असलेली माझी पिशवी
फेब्रुवारी सरत आला की हलकी होते.
पाकिटंच तशी येतात, बोलोन्याहून, वालेन्सियाहून:
आत दोन ओळींची चिठ्ठी आणि पिळलेला दोरा,
एक पदर लाल, एक पांढरा.
स्तारा प्लानिनाच्या या कुशीत घरं चाळीस,
धूर निघतो नऊ घरांतून.
एक मार्चला मी दारोदार जाते,
पाकीट फोडून देते, चष्मा शोधून देते,
मनगटावर गाठही मीच मारते,
कारण पाठवणाऱ्यांचे हात तिकडे लांब
दुसऱ्या कुणाच्या आईला आंघोळ घालत असतात.

मग वाट बघायची.
मार्च म्हणजे लहरी म्हातारी,
हसली की ऊन, बिनसलं की गुडघाभर बर्फ.
करकोचा दिसेपर्यंत दोरा सोडायचा नाही.

घरटं होतं दोन्काच्या दारातल्या विजेच्या खांबावर.
गेल्या शरदात प्रागहून इंजिनियर आला,
बोट वर करून विचारलं, काढू?
दोन्कानं मान हलवली, वरून खाली, ठणकावून.
आमच्याकडे ते नाही असतं.
त्याच्याकडे हो.
संध्याकाळी अंगणात गाडीभर काटक्या,
त्यात कुणाचा तरी एक मोजा.
महिनाभर तिनं त्यावरच चूल पेटवली
आणि चेक लोकांच्या मानेला शिव्या घातल्या.
मग इल्कोला शिडीवर चढवून
गाडीचं जुनं चाक गोठ्याच्या छपरावर आडवं ठोकून घेतलं.
"त्याला घर नको असतं, जागा हवी असते."

यंदा तिचं पाकीट आलंच नाही.
मी माझ्याच लोकरीतून दोरा वळला,
लेकीनं पाठवलाय म्हणाले.
तिनं गाठ पाहिली, मला पाहिलं,
मूठभर अक्रोड दिले.

चौदा तारखेला ती गेली.
पेटी झाकताना मी इल्कोला विचारलं, सोडू का?
त्याची मान हलली.
वरून खाली.

बावीसला आला. एकटाच,
पाय चिखलानं काळे.
चाकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही,
थेट खांबावर, तारांच्या मधोमध,
मान मागे टाकून चोचीची टकटक टकटक.
उरलेल्यांनी दोरे सोडून आलुबुखाराच्या फांदीला बांधले.
इल्कोची गाठ बराच वेळ सुटेना.
मीही मदत केली नाही.

काल ते पाकीट आलं.
सेव्हिलचा शिक्का, पिनकोड चुकलेला,
नाव मात्र गोल, शाळकरी अक्षरात.
परत पाठवायचा शिक्का माझ्या खिशातच असतो.
मारला नाही.
दोरा काढून तिच्या पायरीजवळच्या दगडाखाली ठेवला.
दुसऱ्या दिवशी दगड उचलून बघायचं असतं:
मुंग्या निघाल्या तर वर्ष कष्टाचं, पण भरल्या घराचं.
कोळी निघाला तर, नको.

आज तिथूनच गेले.
सायकल थांबवली,
सवयीनं घंटी वाजवली.
दगड उचलला नाही.