अकरावं कापड

गेल्या वर्षी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नेला होता
हासिनाने. बहिणीची नात, राजधानीत प्रयोगशाळेत असते.
आज कागद घेऊन आली अंत्सिराबेच्या बसने,
घोट्यापर्यंत मादागास्करची लाल माती.

"आजी, तुझ्या आईची आई, तिची आई,
असं मागं मागं गेलं की
समुद्र लागतो."

रावाओनिरिना रेशमाला टाके घालत होती.
उद्या थडगं उघडायचं. जुन्या हाडांना नवी वस्त्रं,
मग खांद्यावर घेऊन नाचवायचं त्यांना.
"समुद्र मी पाहिलेला नाही."
"तुझ्या रक्ताने पाहिलाय. बोर्निओकडून, होडीतून.
हजारेक वर्षं झाली."
"नाव काय तिचं?"
हासिनाने कागद उलटा-सुलटा केला.
"बी-चार-ए-एक-ए-एक."

म्हातारी इतकी हसली की सुई पडली.
दोघी चटईवर रांगत शोधत राहिल्या,
आणि रांगता रांगता ती मध्येच थांबली :
एवढ्या पाण्यात
भाताचं बी कोरडं कसं ठेवलं असेल गं तिने?
पोटाशी धरून?

कागदात त्याबद्दल काही नव्हतं.
सुई दिव्याच्या बुडाशी सापडली.

सकाळी ढोल, तुताऱ्या, भाऊबंदांचा गलका.
पूर्वज दहा निघाले, कापडं अकरा.
"हे कुणाचं?" धाकटा दीर ओरडला.
"तिला जरा लांबून यायचंय,"
म्हणत रावाओनिरिनाने ती रिकामी घडी
खांद्यावर टाकली
आणि नाचायला लागली, किंचित डावीकडे झुकून,
ओझं असलं की माणूस झुकतं तशी.