सोडतीचे नियम

पहिलं बक्षीस आउटबोर्ड इंजिन, दुसरं मिक्सर,
तिसरं पितळी समई, मग उत्तेजनार्थ बादल्या.
परवान्याचा कागद मी देवळाच्या खांबाला चिकटवलाय:
गावाबाहेर विक्री नाही.
अठराच्या आतल्यांना तिकीट नाही.
समितीच्या माणसांना नाही, त्यांच्या घरच्यांनाही नाही,
म्हणून आमची ही तीन दिवस बोलत नाही;
तिचा डोळा मिक्सरवर.

पैसे शीतपेटीसाठी.
मुंबईचा मुलगा पोचेस्तोवर
माणूस राहायला हवा ना
ओळखू येण्याजोगा.

दुपारी भरती लागली तेव्हा
रवळू मेतराची धाकटी आली, सुलक्षा,
तिसऱ्या विकून आणलेली ओली नाणी मुठीत.
"काका, माका एक."
मी खांबाकडे बोट केलं.
तिने वाचलं, ओळीखाली नख फिरवत,
शिक्कासुद्धा वाचला.
"इंजिन नको माका. पेटयेक देवचे आसत."

दोन वर्षांपूर्वी रवळूला
बांगड्यांच्या बर्फात ठेवला होता
थोरला कुवेतहून येईस्तोवर.
बर्फ मीच फोडला होता.

देणगीला वयाची अट कुठे लिहिलेली नाही;
तीनदा पाहिलं मी.
पावतीबुकात लिहिलं:
कुमारी सुलक्षा रवळू मेतर, रुपये सेहेचाळीस.
पावती उलटसुलट करून तिने विचारलं,
"हिचो नंबर फुटतलो काय?"

नाही म्हणालो.
"मगे बरां," म्हणाली,
आणि नाणी एकेक फ्रॉकला पुसून
टेबलावर मांडत राहिली.