अर्धी गुंज

साडेदहाला शेजारच्या शेडमधला हॅमर थांबतो,
तेव्हा उद्यमनगरात माझं काम सुरू होतं.
पंखा बंद. दार लोटलेलं.
फटीतून येणारी झुळूकसुद्धा नको,
या काट्यावर तिचंही वजन भरतं.

कळंब्याचं पाणी दुपारीच उकळून झाकून ठेवलंय,
हवा काढलेलं, मुकं पाणी.
एखादा बुडबुडा राहिलाच
तर आवाज त्याच्यावर आपटून माघारी फिरतो
आणि मी कागदावर खोटं लिहिते.

काटा दादांचा, काचेच्या पेटीतला.
गुजरीत चाळीस वर्षं यावर ते सोन्याचा कस बघत.
आता एका पारड्याखाली
केसाएवढ्या तारेनं रबराची चकती टांगलीय,
पाण्यात बुडालेली,
आणि तळाशी मशीनचं डोकं उताणं,
तिच्याकडे तोंड करून.

"आवाज कशाला तोलतेस?" दादा विचारायचे,
"तो काय कुणी मोडीत घालतं?"
मी म्हटलं, एका वॅटचा रेटा
एकोणसत्तर मिलिग्रॅम.
त्यांनी बोटांवर हिशेब केला, मान हलवली.
"म्हणजे अर्ध्या गुंजेहून जरा जास्त.
गुंजतं म्हणून गुंज, होय गं?"
आणि स्वतःच्याच कोटीवर खोकला येईपर्यंत हसले.

हे मशीन शाहूपुरीतलं, डॉक्टर नसीमा मुजावरांचं.
दिवा लागतो. आकडे दिसतात. घड्याळ उलटं मोजतं.
दहा मिनिटं झाली की टिंग वाजतं,
ऐकू येतो तेवढा एवढाच आवाज.
आठ महिने कुंभोजे मोल्डर
उजवा खांदा उघडा टाकून त्यापुढे बसले.
"बाई, काय लागंना बघा."
"धीर धरा मामा, हा आवाज कानाला कळत नसतो."
मामांनी धीर धरला.
भट्टीवर डाव्या हातानं पळी धरली.

बटण दोन वॅटवर.
तळातून काहीतरी वर येतं,
दिसत नाही, ऐकू येत नाही,
पण चकती हलकी होते
आणि काटा कलतो.
दादा तोलताना श्वास धरत.
मीही धरते.
चिमट्यानं कागदासारखी वजनं
एकेक करून पारड्यात सोडते,
काटा मधोमध येईपर्यंत.

एकशे अडतीस भरायला हवे होते.
एकेचाळीस.
पाणी बदललं, चकती पिसानं पुसली.
त्रेचाळीस, पण तेव्हा बाहेरून ट्रक गेला.
पुन्हा एकेचाळीस.

गुंजेचा जेमतेम तिसरा हिस्सा.
डोक्यातला स्फटिक कधीचा तडकलेला असणार,
आणि पडद्यावर दोन, रोज दोन,
ठळक, हिरवे.

मी आकडे लिहिते, तारीख, पाण्याचं तापमान.
शेऱ्यात लिहिते: पेशंट खरं सांगत होता.
खोडते. सर्टिफिकेटात असलं चालत नाही.
मग खाली, सहीशेजारी, बारीक अक्षरात
परत तेच लिहिते.

वजनं डबीत. एका खणात
दादांची लाल गुंज, काळ्या डोळ्याची,
तिला आता कुणी तोलायला घेत नाही.
पाणी तसंच राहू देते.
सकाळी हॅमर सुरू होईल, भांडं थरथरेल,
हळूहळू हवा परत आत शिरेल.