षट्कोन क्रमांक चार

जिंतूरच्या पलीकडे, गायरानात,
आम्ही प्लास्टिकच्या सहा भिंती उभ्या केल्यात.
वर उघड्या. आत दोन अंश जास्त.
कागदावर त्याला प्रयोग म्हणतात.
मी म्हणतो, आत माझ्या मुलीचं म्हातारपण आहे.

मातीत ठोकलेलं पांढरं कडं,
कड्यावर डबा, डब्याला नळी,
तीन मिनिटं गप्प बसायचं.
किती कर्ब आत गेला,
किती बाहेर आला.
दिवसा पवन्या हवेतून उचलतो,
रात्री माती उसासा टाकते.
जमा आणि नावे.
दिवाणजीचंच काम, वही फक्त श्वासाची.

श्रावणात आतलं गवत
बाहेरच्यापेक्षा वीतभर उंच.
मी खूश होऊन साहेबांना फोन लावला.
ते म्हणाले, थांबा माने,
चैत्र येऊ द्या.

चैत्र आला.
भेगा एवढ्या की कडं खुळखुळायला लागलं.
खिशातला पेन पडला, तो गेलाच.
ठरल्याप्रमाणे एक बादली पाणी ओतलं
आणि आकडा उसळला.
पावसाळाभर चिमटी-चिमटीनं जपलेलं
माती ओंजळींनी उधळत होती.
बाहेरच्या कड्यातही बादली ओतली होती.
तिथं इतकं नाही.

तांड्यावरची झमकूबाई विळा धरून उभी.
"काय मोजायलाव, भाऊ?"
"जमिनीचा श्वास."
ती हसली नाही.
खाली बसली, तळहात ओला केला
आणि भेगेच्या तोंडाशी धरला,
नुकत्याच जन्मलेल्या रेडकाच्या
नाकाशी धरतात तसा.
"हाय की," म्हणाली.
"पर धाप लागल्यावानी."

माझ्या तक्त्यात धापेला रकाना नाही.

परवा तिच्या शेळीनं
चार नंबरात उडी घेतली.
बादलीच्या पाण्यावर कोंब फुटले होते,
गायरानात तेवढंच हिरवं.
मी पळत पोचेपर्यंत
पन्नास वर्षांनंतरचं सगळं
बुडख्यापर्यंत खाऊन झालं होतं.

झमकूबाई घाबरून विचारते, "दंड किती?"
कुठल्या सालच्या भावानं सांगू?
शेऱ्यात लिहिलं :
नोंद उपलब्ध नाही. कारण, शेळी.

साहेब रागावले. आत साफ करून घ्या म्हणाले.
भिंत सरळ केली, कडं पुन्हा ठोकलं.
लेंड्या मात्र
तिथंच राहू दिल्या.
तेवढाच कर्ब
जमेला.