तहानलेली माती

रात्री अकराला मी माती ओव्हनमध्ये ठेवते,
ऐंशी अंशांवर, सकाळपर्यंत.
बाहेरचं नागपूरही काही फार थंड नाही.
बजाजनगरभर कूलर घुरघुरतायत,
आणि लॅबमधला एसी मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही,
हे शेंडे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय.

माती म्हणजे पांढुरकी पूड, मैद्यासारखी.
चिमटीत धरली तर काहीच नाही,
पण आत पानांचे गठ्ठे,
ओल लागून चिकटलेल्या रद्दीच्या वह्यांसारखे.
ती पानं मला सुटी करायची असतात
इपॉक्सीच्या दाट पाकात,
एकेक, न फाडता.

बाबांना सांगितलं तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले.
चौतीस वर्षं बोर्डात, केबल जॉइंटर.
उजव्या हाताची दोन बोटं
कामठी रोडच्या एका जॉइंटमध्ये ठेवून आलेले,
त्यात ओल शिरली होती.
"मातीनं करंट अडते म्हन्ते? अवं, माती तं करंट पिते!"

मला आठवतात उन्हाळ्यातले अर्थिंगचे खड्डे.
कोळसा, खडं मीठ, वरून बादलीभर पाणी.
मी सायकलच्या दांडीवर, रिकामी बादली मांडीत.
एका डीपीवरून दुसऱ्या डीपीवर.
"पाजत राहा लागते थिले," ते म्हणायचे,
"तहानलेली माती कोनाचंच घेत नाही."

तेव्हा नव्हतं कळलं
की माझा अख्खा प्रबंध
ते पायडल मारता मारता बोलून गेले.

सुईच्या टोकावर बारा हजार व्होल्ट.
सुई पारदर्शक ठोकळ्यात रुतलेली.
बराच वेळ काही होत नाही,
मग भिंगाखाली टोकाशी काळं काहीतरी हलतं
आणि झाड उगवतं.
झाडच म्हणतात त्याला. उलटं, बिनपानाचं,
ज्याखाली कुणी टेकणार नाही असं.
फांदीतून फांदी फुटत तळाला टेकलं
की चट्‌,
नमुना संपला.

नुसत्या इपॉक्सीत पाऊण तास.
मातीच्या ठोकळ्यात मात्र पान आडवं येतं,
वळसा, पुन्हा पान,
शनिवारी सीताबर्डीच्या गल्लीत स्कूटर घालून बसल्यासारखं
ते तिथल्या तिथे तडफडतं.
चार तास वीस मिनिटं.
वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या,
आणि चहा प्यायला कुणी जागं नव्हतं.

अजून थोडी, अजून थोडी करत सात टक्के घातली
तर सगळ्या गुठळ्या.
अकरा मिनिटांत गेला.
आणि ऑगस्टातली एक बॅच, घाईत अर्धवट वाळवलेली,
तिच्यापुढे मी लिहिलं, ओल शिरली,
आणि पेन तिथंच थांबलं.

रविवारी बाबा आले.
पिंजऱ्यापासून सवयीनं तीन पावलं लांब,
डावा हात पाठीमागे.
सगळं बंद केलंय, म्हटलं, शॉर्ट करून ठेवलंय.
तरी हात तिथंच.
मग भिंगाला डोळा लावला
आणि किती तरी वेळ काढलाच नाही.

"हे तं पाह्यलं म्या.
जळल्या केबलचं पोट फाडलं का दिसे.
आमी त्याले मुया म्हनो."

मुळ्या.
मी सहा वर्षं त्याला झाड म्हणत होते.

डब्यातली पूड त्यांनी उरलेल्या बोटांत चोळली,
उजेडात धरली.
"मीठ टाकलं का?"
नाही, बाबा.
"बरं केलं."

जाताना बाटलीत घोटभर पाणी उरलं होतं.
इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी
अर्थिंगचं गंजकं झाकण त्यांनी पायानं सरकवलं
आणि वाकून, सावकाश,
सगळं आत ओतलं.