सहावा सिलिंडर

रियेकाच्या गोदीत आज बुरा नावाचा वारा सुटलाय.
नीवेस शिडीवरून आत उतरते,
सातशे मिलिमीटर रुंदीच्या विहिरीत,
जिला पाणी कधीच लागलं नाही.

पिस्टन वर क्रेनला टांगलेला.
ह्या अंधारात मिनिटाला शंभरदा
आग लागायची, विझायची,
आणि तेवढ्यावर कुणाचा गहू, कुणाचं खत
विषुववृत्त ओलांडून जायचं.

मायक्रोमीटरचं टोक ती भिंतीला टेकवते,
तापल्या कपाळाला हात लावावा तसं.
"सातशे चार, पूर्णांक एक!"
शिमे वरून ओरडतो, "परत सांग!"
ती परत सांगते.
इथे झिजलं की आकडा वाढतो.

वहीचं पहिलं पान बापाच्या अक्षरातलं.
सातशे, पूर्णांक शून्य शून्य.
खाली सही, शेजारी ग्रीसचा अंगठा.
तेव्हा इंजिन कारखान्यातच उभं होतं,
समुद्र न पाहिलेलं,
आणि नीवेस आईच्या पोटात.

चार मिलिमीटर लोखंड गेलं कुठे?
थोडं तेलात, थोडं धुरात.
बाकीचं कुणी विचारत नाही.

संध्याकाळी बेपो अंथरुणातूनच विचारतो,
"सहावा किती?"
ती सांगते. तो डोळे मिटून हिशेब करतो.
"साडेपाचला बदलायचा. अजून चालेल."

गोळी देताना ती त्याचं मनगट धरते.
तिचा अंगठा नि मधलं बोट
एकमेकांना भेटतात,
भेटून पुढे सरकतात.

"वारा पडला का गं?" तो विचारतो,
आणि बाही खाली ओढतो.