एक सूत

तांडापेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत
माग होता, तिथे आता ट्रॅक आहे.
चौदा फूट प्लायवूड, दोन खाचा,
खाचांच्या कडांना तांब्याची पट्टी.
मागाचा खड्डा मात्र बुजवला नाही.
गाडी वळणावर उडाली की त्यात पडते
आणि पराते गुरुजींचा नातू
उतरून, फुंकर मारून, वर आणून देतो.

अर्ध्या वितेची गाडी. मोटर अंगठ्याएवढी.
पण मागचे टायर
दुकानातून येतात तेव्हा गोल दिसतात, एवढंच.
सरळ पट्ट्यावर गाडी अशी थडथडते
जसा खरबी रोडवर सिटा भरलेला ऑटो.
मुश्ताक म्हणाला, घासावे लागतील.
हाताने घासले. अंडी झाली.
म्हणून मशीन.

कांड्या भरायची मोटर माळ्यावर होती,
कार्बन झिजलेले. नवे बसवले.
मागाच्या रुळाचा वीतभर तुकडा कापला.
कापताना आई आतल्या खोलीत गेली,
बोलली काही नाही.
त्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर,
दोन बेअरिंग मुश्ताकच्या भंगार कूलरांतून,
आणि बोल्टासाठी लोहा ओळ.
दुकानदार म्हणाला, किती सुताचा?

आमच्या घरात सूत म्हणजे धागा.
त्याच्या गल्ल्यावर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
मी सत्तेचाळीस वर्षांचा, कोष्ट्याचा पोरगा,
आणि हा शब्द दोन दारांनी घरात येतो
हे मला तिथे, खिळ्यांच्या पोत्यापाशी कळलं.
मिलीत द्या, म्हटलं. सहा.

मशीन साधं. रूळ फिरतो.
गाडी त्याच्याकडे पाठ करून ड्रॉवरच्या पट्टीवर,
तिचीच मोटर तिची चाकं फिरवते.
बोल्टाचा एक फेरा म्हणजे एक मिलिमीटर.
पाव फेरा. थांब. पाव फेरा.
जळक्या रबराचा वास पार चौकापर्यंत,
काळी भुकटी मानेच्या घामावर,
सकाळच्या तर्री-पोह्यावर,
आईच्या औषधांच्या डबीवर.
मे महिना. भिंतसुद्धा हाताला चटका देते.

पहिल्या जोडीला मी थांबलोच नाही.
गोल. अजून गोल. अजून.
शेवटी रबराखालून रिम डोकावली,
गाडीचं पोट पट्टीला टेकलं, ठिणगी उडाली.
मुश्ताक पोट धरून हसला:
"गोल तर झाला बे, टायर कुठं हाये?"

दुसऱ्या जोडीच्या वेळी लाइन गेली.
मोटर थांबली, कूलर थांबला,
गल्लीतला एकुलता चालू पॉवरलूमही गप झाला.
इतकी शांतता की आमची आम्हालाच लाज वाटली.
अंधारात नुसता रूळ,
आपल्याच वजनाने फिरत राहिलेला.

आई दारात उभी होती. कधीची कोण जाणे.
"लंगडून राहिला थो."
टायर?
"टायर नाई बापू. तुहा रूळ."

चाळीस वर्षं तिने कांड्या भरल्या.
वाकडी कांडी ती पाहायची नाही, ऐकायची;
चुलीवर भाकर असली तरी तिथूनच हाक मारायची.
पुढे आली, चाचपत,
मंदावलेल्या रुळावर बोट टेकलं.
मी ओरडलो. तिने काढलं नाही.
"इथं," म्हणाली. "धाग्याएवढा."

रूळ सळईवर सैल बसला होता, बस.
महिनाभर मी टायरला शिव्या घालत होतो.

लाइन आली तेव्हा आम्ही खाली बसलो होतो,
ती मोबाइलची बॅटरी धरून,
मी सळईवर सूत गुंडाळत,
तिच्याच एका फाटक्या लुगड्याच्या काठातलं.
एक वेढा. रूळ चढव, फिरव, ऐक.
काढ. आणखी एक वेढा.
कूलरच्या आवाजात मला काहीच ऐकू येईना.
तिला येत होतं.

"पुरे," ती म्हणाली. "आता लावू नको."

मला अजून एक द्यायचा होता.